कामावरच्या बादल्या

काँक्रीटचा ट्रक सकाळी वाडीच्या तोंडाशी आला, दोनदा भोंगा वाजवून गप्प झाला. मार्वोतो तेव्हा आपल्या नव्या खोलीच्या सेंट्रिंगवर चढून सळ्यांच्या तारा शेवटच्या एकदा तपासत होता. त्याने वरूनच बायकोला, लास्मीला सांगितलं की चहा टाक, ड्रायव्हर आणि मी, दोघांचाच. आता थोड्या वेळात स्लॅब भरून होईल आणि बाहेरचा माणूस एकही लागणार नाही. चहा उकळून उकळून काळा झाला तरी ट्रक येईना, तेव्हा तो शिडीवरून उतरला आणि बघायला निघाला.

ट्रक कमानीच्या अलीकडे उभा होता. ड्रायव्हर गुनावान, शहराकडचा तरुण गडी, खाली उतरून कमरेवर हात ठेवून वर बघत होता. ट्रकच्या पाठीवरचं ते गरगर फिरणारं पोट कमानीच्या माथ्यापेक्षा चांगलं हातभर उंच होतं.

"ही कमान काढता येईल का हो, पाक?" त्याने विचारलं. पाक म्हणजे काका, मोठ्या माणसाला मान देऊन म्हणतात.

मार्वोतोने कमानीच्या खांबावरून हात फिरवला. कमान त्यानेच बांधली होती.

इकडे जावामध्ये, आमच्या वाडीत, दर ऑगस्टला स्वातंत्र्यदिनासाठी बांबूची कमान उभी करायची आणि पावसाळ्यात ती कुजवायची, अशी पूर्वापार रीत. मार्वोतो दहा-बारा वर्षं समुद्रापलीकडे कालिमांतानात मोठमोठ्या इमारतींच्या कामावर होता. तो परत आला तसा वाडीने त्याला मानाने कमानीच्या समितीचा अध्यक्ष केलं, आणि बांबू बघून त्याला हसूच आलं. त्याने लोखंड आणलं, खोल खड्डे घेतले, लाल-पांढऱ्या रंगाची पक्की काँक्रीटची कमान उठवली आणि तिच्याखाली उभं राहून भाषण केलं, की हिला दोन म्हशी बांधल्या तरी हलायची नाही. रुंदी त्याने भाताच्या ट्रकची घेतली. उंचीही भाताच्या ट्रकचीच घेतली. आता मागवताना काँक्रीटच्या ट्रकची फक्त रुंदी, कंपनीत जाऊन टेपने, दोनदा मोजली होती.

वाडीचे प्रमुख, त्यांना सगळे पाक एरटे म्हणतात, चपला फटफटवत आले. त्यांनी आधी ट्रकचं कौतुक केलं, मग हवेचं, आणि मग अगदी हळू आवाजात सुचवलं की कमान थोडीशी फोडून पाहावी का. वाडीतल्या दोन गड्यांनी घण घेऊन बराच वेळ हाणलं. लाल रंगाचा एक टवका निघाला. पाक एरटेंनी तो उचलून बघितला आणि काम फार उत्तम झाल्याबद्दल मार्वोतोचं मनापासून अभिनंदन केलं.

ऊन चढत होतं. गुनावान म्हणाला की माल पोटात फार वेळ राहिला तर त्याचा दगड होईल आणि मालक त्यालाच पोटात शिरून छिन्नीने फोडायला लावेल. फार तर थोडं पाणी मारून वेळ काढता येईल. मार्वोतोने पाण्याला साफ नकार दिला. पाणी मारलेल्या काँक्रीटचा स्लॅब म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट, वरून बरं दिसतं. मग नदीकाठी ओतून जातो, गुनावान म्हणाला, आणि त्यालाही ते म्हणताना वाईट वाटत होतं.

त्या पोटात नुसता माल नव्हता. मार्वोतोची कालिमांतानातली सगळी वर्षं त्यात फिरत होती. त्याची लेक रिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. घरात एकच धड खोली होती आणि तीही गळकी. नातवंडाच्या अंगावर छपरातलं पाणी ठिबकू द्यायचं नाही, एवढ्याचसाठी तो परत आला होता. आज हा माल वाया गेला तर दुसऱ्यांदा मागवायला त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढ्या हौसेने ट्रक मागवायची गरज काय होती? आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी सगळी वाडी आपणहून येते. याला साम्बातान म्हणतात. हातोहात बादल्या वर जातात, घरधनी जेवायला घालतो, मजुरीचं नाव कुणी काढत नाही. पण आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे, असा तो हिशेब. मार्वोतो इतकी वर्षं बाहेर. वाडीतल्या एकाही घराच्या कौलाला त्याचा हात लागला नव्हता. बोलावलं तर लोक येतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. म्हणून त्याने कुणाला कळू न देता यंत्र मागवलं. निदान त्याला वाटत होतं, की कुणाला कळलेलं नाही.

लास्मी पदराला हात पुसत आली. तिने ट्रककडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं, नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बादल्या लागतील," ती म्हणाली. "दार्तोच्या घरापासून सुरुवात करा."

"मी कुठल्या तोंडाने मागू, लास्मी? मी कुणासाठी काय केलंय?"

"तोंड आहे तेच चालेल. बादली तेवढी मोठी मागा."

अडला हरी, दुसरं काय. मार्वोतो दार्तोच्या दारात जाऊन उभा राहिला. आता जावामध्ये 'नाही' हा शब्द आहे, नाही असं नाही, पण तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा कपाटातच असतो. दार्तो शेतावर गेला होता. त्याची बायको कासियेम म्हणाली, न्या की, रिकामीच आहे, जरा बसा. मग आतून बराच वेळ छपाक-छपाक असा आवाज येत राहिला. ती बादली घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत शेवाळ होतं. त्या बादलीत तिने मागूर मासे पाळलेले होते, वर जाळीत पालेभाजी लावलेली होती, आणि हे सगळं तिने आत्ताच न्हाणीघरातल्या आंघोळीच्या हौदात ओतलं होतं. पण हे सांगितलं असतं तर मागणाऱ्याला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने सांगितलं नाही.

पुढच्या घरी म्बाह सार्नो, म्हणजे सार्नोआजोबा. वय झालेलं, पण शेळ्यांवर जीव. त्यांच्या गोठ्याच्या दाराची कडी केव्हाच तुटलेली, आणि दाराला टेकवून ठेवलेली धोंड्यांनी भरलेली बादली हीच कडी. म्बाहांनी एकेक धोंडा सावकाश बाहेर काढला, बादली फुंकून स्वच्छ केली, दार केळीच्या सोपटाने बांधलं आणि बादली दोन्ही हातांनी दिली. टोफू करणाऱ्या सुहार्तीकडे पाण्याने भरलेली बादली ताज्या टोफूच्या फळीवर वजन म्हणून ठेवलेली होती. ती बादली जाईपर्यंत टोफू दबत होता, मग दबायचा थांबला. न्हावी त्रिमानकडे तर बादली पालथी घालून तिच्यावर गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्रिमानने गिऱ्हाइकाला अदबीने उठवलं. अर्धं डोकं झालेलं ते गिऱ्हाईक आता बसायला जागा नाही म्हणून बादलीच्या मागोमाग निघालं. पंक्चरवाल्याने ट्यूब बुडवायची बादली दिली आणि ट्यूब घेऊन ओढ्याकडे गेला. कुणाची छपराखालच्या गळतीची आली, कुणाची विहिरीची दोरासकट आली. पाक एरटे मोठ्या उत्साहाने दोन बादल्या घेऊन आले, पण त्यांत गेल्या वर्षीचे झेंड्याचे खांब सिमेंटात रोवलेले होते. त्या परत गेल्या.

वाडीत बादल्या एवढी कामं करत असतील, हे मार्वोतोला त्या दिवशी पुरतं कळलं नाही. कळलं ते नंतर, एकेक करून.

बादली मात्र एकटी येत नाही. माणूस आपली बादली दुसऱ्याच्या हाती देतो आणि मग ती नीट परत येते ना हे बघायला मागे येतो. आला की हात बांधून उभा राहणं त्याला जमत नाही. मार्वोतोने एकाही माणसाला 'या' म्हटलं नव्हतं. तरी कमानीपासून त्याच्या सेंट्रिंगपर्यंत, विहिरीला वळसा घालून, माणसांची रांग लागली. भरल्या बादल्या पुरुषांच्या हातातून पुढे, रिकाम्या बायकांच्या हातातून मागे. गुनावानने पोट उलटं फिरवलं आणि पहिली बादली भरली.

"काठोकाठ नको," मार्वोतो वरून ओरडला. "कडी तुटेल."

मग त्याला काही बोलायला सवडच मिळाली नाही. बादली आली की ओतायची, रिकामी खाली सोडायची, माल सळ्यांखाली कोंबायचा, फळी फिरवायची, तोवर पुढची हजर. कालिमांतानात याच कामाला यंत्रं होती, उंच नळ्या होत्या, आणि तिथे तो माल कुठून आला हे कुणी विचारत नसे. इथे प्रत्येक बादलीला वास होता. ही साबणाची, म्हणजे त्रिमानची. ही सोयाबीनची, सुहार्तीची. कासियेमची बादली ओतली तेव्हा काँक्रीटबरोबर एक मागूरही सळ्यांवर पडला आणि शेपटी आपटू लागला. हौदात जायचा राहिलेला असावा. मार्वोतोने त्याला दोन बोटांत धरून खाली दिला, आणि मासाही रिकाम्या बादलीतून बायकांच्या रांगेने, हातोहात, मानाने घरी गेला.

त्याच सुमारास दार्तो शेतावरून परतला. चिखलाने माखलेला, वाडीत काय चाललंय याचा पत्ता नाही, सरळ न्हाणीघरात शिरला. हौद खोल, पाणी गढूळ, त्यात डबा बुडवायच्या ऐवजी उकाड्याने त्याने आधी पायच बुडवला. मग जी आरोळी ऐकू आली तिने सगळी रांग एका जागी थबकली. मागुराचा काटा अंगठ्यात. दार्तो लुंगी कशीबशी गुंडाळून, एका पायावर उड्या मारत गल्लीत आला, आणि त्याला दिसलं की त्याची बायको रांगेत उभी आहे, त्याचा मासा हातातून हातात चाललाय आणि त्याची बादली स्लॅबवर आहे. कासियेमने अंगठ्याला चुना लावला आणि तो त्रिमानच्या शेजारी रांगेत लागला, एकाच पायावर. एका पायावरचा माणूस भरली बादली पुढे देताना दर वेळी अर्धी गिरकी घेतो, हे सगळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

हे निभावतंय तोवर केळीचं सोपट सुटलं. शेळ्या बाहेर पडल्या आणि जिथे त्यांचे म्बाह, तिथे त्या. म्बाह सार्नो उतरणीच्या पायथ्याशी उभे होते. सेंट्रिंगवर चढायला बांबूंची ती उतरण बांधलेली होती. शेळ्यांना वाटलं ती आपल्यासाठीच. सगळ्यात पुढची काळी शेळी तुरुतुरु वर चढली आणि ओल्या स्लॅबच्या मधोमध जाऊन उभी राहिली. खाली बायका बाकीच्या शेळ्या अडवण्यात गुंतलेल्या, आणि रांगेतल्या प्रत्येक पुरुषाच्या हातात भरलेली बादली. सोडावी तर माल सांडतो, धरावी तर शेळी धरता येत नाही. अखेर ज्याचे हात मोकळे असं एकच निघालं, ते अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक. त्याने वर जाऊन शेळीला खांद्यावर घेतलं. म्बाह सार्नो लाजेने लालबुंद. त्यांनी तिथल्या तिथे ती शेळी मार्वोतोला देऊन टाकायची तयारी दाखवली. मार्वोतोने हात जोडले, म्हटलं, म्बाह, तुमची बादली मी आणली म्हणून शेळी सुटली, शेळी मला देऊन माझ्या लाजेत आणखी भर घालू नका. त्याने खुरांचे ठसे फळीने बुजवले. एक कोपऱ्यात राहिला, तो अजून आहे.

दुपार झाली, जेवणाची वेळ आली. साम्बातानाला आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं म्हणजे त्यापेक्षा स्लॅब कोसळलेला बरा. आणि घरात होता तो दोन कप काळा चहा. त्याने वरून लास्मीकडे पाहिलं. लास्मी सुहार्तीकडे पाहत होती. सुहार्ती सांगत होती की वजन गेल्यामुळे आजचा टोफू दबलाच नाही, नुसता लुसलुशीत, हातात धरवत नाही, बाजारात कोण घेणार. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. खरं तर ती ते कुणाला कळू नये अशाच आवाजात सांगत होती. लास्मीने शेगडीवर आलं आणि ताडगूळ उकळायला टाकलं. थोड्याच वेळात तो न दबलेला टोफू गरम आल्याच्या पाकात पडून सगळ्या रांगेत वाटला जाऊ लागला. वाट्या पुरेनात तेव्हा नारळाच्या करवंट्या आल्या. गुनावानने तीन करवंट्या खाल्ल्या, मग मालकाला फोन करून सांगितलं की चाक बसलंय, उशीर होईल, आणि शेवटच्या बादल्या त्याने स्वतः वाहिल्या.

पोट रिकामं झालं तेव्हा ऊन कलत होतं. मार्वोतो स्लॅबच्या कडेला उभा राहिला. खाली सगळी वाडी सिमेंटने राखाडी झालेली, कुणाचं डोकं अर्धं, कुणाचा अंगठा टम्म सुजलेला. त्याने बोलायचं ठरवलं होतं. पण कमानीखाली एवढं मोठं भाषण ठोकणाऱ्या माणसाच्या तोंडातून त्या दिवशी 'मातुर नुवुन', तुमचे आभार, एवढे दोनच शब्द निघाले, आणि तेही नीट ऐकू गेले नाहीत. लोकांनी माना डोलावल्या आणि बादल्या त्याच्याच अंगणात ठेवून घरोघर गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या बादल्या घासल्या, हातगाडीवर रचल्या आणि निघाला. लास्मीने गाडी धरून थांबवली. रिकामं भांडं परत द्यायचं असतं का? मग परसातला सगळा कसावा उपटला गेला आणि प्रत्येक बादलीत बुडाशी थोडा थोडा पडला. मार्वोतोला ते बरं वाटलं. एवढ्या मोठ्या उपकाराला कसावा म्हणजे काहीच नव्हे, पण फेडायला सुरुवात तरी झाली.

गाडी हलकी होईना. म्बाह सार्नोंनी कसावा घेतला आणि अंडी दिली, वाडग्यात. सुहार्तीने टोफू दिला, या खेपेला वर पाटा ठेवून दाबलेला, डब्यात. त्रिमानकडे ते कालचं गिऱ्हाईक पालथ्या बादलीची वाट बघत उभंच होतं. त्रिमानने पपई दिली. कुणाची केळी, कुणाची भाताची पुडी, आणि सगळी भांड्यांत, आणि ती भांडी पुन्हा रिकामी परत द्यायची नाहीत. निम्मी वाडी झाली तेव्हा मार्वोतोच्या लक्षात आलं की हे असंच चाललं तर मरेपर्यंत तो ही गाडीच ढकलत राहणार.

शेवटचं घर दार्तोचं. दार्तो ओट्यावर अंगठा पुढे करून बसला होता. मार्वोतोने बादली खाली ठेवली, शेजारी बसला आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. की माझ्यामुळे तुझा अंगठा गेला, सुहार्तीचा दिवसाचा धंदा गेला. मी तुमच्यासाठी कधी एक वीट उचलली नाही. हे मी कसं फेडू?

दार्तोने अंगठा हलवून बघितला.

"तुम्हाला कुणी सांगितलं की तुम्ही फेडायचंय? आमच्या घराचा स्लॅब झाला तेव्हा चुलीपाशी कोण होतं? लास्मी. माझी आई गेली तेव्हा पाहुण्यांना कुणी जेवू घातलं? सुहार्तीच्या मुलीचं लग्न, म्बाहांचा गोठा, सगळीकडे लास्मीच. एवढी वर्षं आम्ही म्हणतोय, तुमचा स्लॅब येऊ दे, मग बघू. आणि तुम्ही मागवलात ट्रक."

मार्वोतो गाडीवरच्या भांड्यांकडे बघू लागला.

"फार वाईट वाटलं हो सगळ्यांना. बायका तर दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मग त्रिमान एके दिवशी कमानीखाली उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, हा ट्रक इथून जायचा नाही."

"त्रिमानला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. चुकलं एवढंच, की बादल्या आधी मोकळ्या करून ठेवायचं कुणाला सुचलं नाही."

 घण मारणारे ते दोघे मार्वोतोच्या डोळ्यांपुढे आले. रंगाचा टवका हातात धरून अभिनंदन करणारे पाक एरटे आले.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं," दार्तो म्हणाला, "तर तुम्ही छोटा ट्रक मागवला असता."

मार्वोतो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे असे भरून आले की कासियेमला आतून पाणी आणावं लागलं. इतक्या वर्षांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं. निघताना दार्तोने सहज सांगितलं, की रविवारी न्हाणीघराची नवी भिंत घालायचीय, हौद थोडा दूर घ्यावा म्हणतोय, जमलं तर या. त्याने ते असं सांगितलं, जसं शेजाऱ्याला सांगतात. मार्वोतोने गाडी घराकडे वळवली. परत येताना ती जातानापेक्षा जड होती आणि तरी तो ती भराभर ढकलत आला.

लास्मी नव्या स्लॅबवर पाणी मारत होती. त्याने खालूनच विचारलं, "तुलाही माहीत होतं ना, ट्रक कमानीतून जाणार नाही ते?"

लास्मीने उरलेलं पाणी कोपऱ्यात ओतलं. "रविवारी दार्तोकडे किती वाजता जायचंय?"

"सकाळी लवकर," मार्वोतो म्हणाला. "बादली घेऊन."